जपानच्या फायलीतली टिकली

मी फाईल बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कपाटावर धूळ खात पडली असेल आणि तुमच्याबद्दल सांगण्यासारखं तिच्यापाशी बरंच काही असेल. ती भिडस्त आहे म्हणून गप्प आहे. मी भिडस्त नाही.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. अंगाला काळा पुठ्ठा, पोटात दोन पोलादी कड्या, त्या उघडायला एक खटका आणि पाठीवर नाव लिहायला पांढरी पट्टी. मला वाटलं होतं, एखाद्या कचेरीत जाऊ, चार महत्त्वाचे कागद सांभाळू. स्टेशनरीच्या दुकानात आठ महिने काढले. मग एक दिवस एक गृहस्थ आला. त्यानं आम्हा सहाजणींना एकेक करून उघडलं, मिटलं, कानाशी धरून खटक्याचा आवाज ऐकला आणि मला निवडलं. ऑफिससाठी का, असं दुकानदारानं विचारलं, तर म्हणाला, "नाही, जपानसाठी." मी फुशारून गेले. काय करणार, वय कोवळं होतं.

हा गृहस्थ बस डेपोच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झालेला. कुठली गाडी किती वाजता सुटणार हे चौतीस वर्षं यानं ठरवलं. त्या वेळेला ती कधी सुटली नाही ही गोष्ट वेगळी. त्याचं खापर तो अजून ड्रायव्हरांवर फोडतो. गल्लीत त्याला सगळे 'टाइमटेबल' म्हणतात. त्याला वाटतं हा मान आहे.

त्याची बायको रफूकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल आहे, त्यावर सुया, चिमटा, दांडीचं भिंग आणि रंगारंगाचे दोरे. लोक कसर लागलेले कोट, सिगारेटनं जळलेले सदरे, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली घेऊन येतात. ही त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि भोक असं बुजवते की मालकालाच ते सापडत नाही. कामाच्या वेळी ती बोलत नाही. त्या घरात तिला बोलायला फार वाव होता असंही नाही.

जपानचं सगळं तिच्यामुळेच सुरू झालं. वीसेक वर्षांपूर्वी तिच्याकडे कोणाचा तरी एक जुना कोट रफूला आला होता. आतलं अस्तर गर्द निळं, इतकं धुऊनही न विटलेलं. अस्तराला रंगाऱ्याच्या पत्त्याची चिंधी होती, जपानातल्या कुठल्याशा डोंगरातल्या गावची. हिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र टाकलं की हा रंग टिकतो कसा. दोन महिन्यांनी तितक्याच मोडक्या इंग्रजीत उत्तर आलं. लिहिणारी बाई घरच्या घरी नीळ आंबवून कापड रंगवायची. तेव्हापासून दोघींची पत्रं सुरू आहेत. नवरा त्या जपानी बाईला 'निळीबाई' म्हणतो. एकदा तिच्या घरी जायचं आणि त्या निळीच्या रांजणात स्वतःच्या हातानं कापड बुडवायचं, एवढंच हिला आयुष्यात हवं होतं. नवरा निवृत्त झाल्यावर तिनं ते बोलून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन आला.

इथून पुढची सहा वर्षं मी जे सोसलं ते ऐका.

पहिल्या वर्षी माझ्या पोटात नकाशे आले. दुसऱ्या वर्षी त्या डोंगराळ भागातल्या सगळ्या बसगाड्यांच्या वेळा, चार रंगांच्या शाईत. तिसऱ्या वर्षी 'पाऊस पडल्यास', 'दरड कोसळल्यास' आणि 'अस्वल दिसल्यास' अशी तीन प्रकरणं. अस्वलाच्या प्रकरणात तेरा सूचना आहेत आणि सातव्या सूचनेत पुन्हा तीन पोटकलमं. तिथवर वाचेपर्यंत अस्वल जेवून, हात धुऊन गेलेलं असेल. चौथ्या वर्षी त्यानं बायकोला पाठीवर बॅग देऊन जिन्यावरून चढउतार करायला लावली आणि स्वतः खाली खुर्ची टाकून घड्याळ बघत बसला. चार मजले, सहा मिनिटं दहा सेकंद. मग म्हणाला, वेग कमी पडतोय, जाणं पुढच्या वर्षावर टाकू. पाचव्या वर्षी व्हिसा मिळाला आणि आराखड्याच्या नव्या मसुद्याची वाट बघत त्याची मुदत संपून गेली.

बायको दर वर्षी विचारायची, "अहो, यंदा जायचं ना?" आणि तो दर वर्षी म्हणायचा, "अगं, एवढं एक प्रकरण होऊ दे."

माणसाला जायचं नसतं हो. जाणार आहोत असं चारचौघांत सांगायचं असतं. आलागेला पाहुणा असला की मला खाली काढायचं, पानं उलटून दाखवायची, पाहुण्यानं "वा, काय काम केलंय" म्हणायचं, की झालं याचं जपान. मीही तेव्हा कौतुकानं फुगायचे, ते लपवत नाही. जाड होण्याची हौस मला होतीच.

त्याची एक सवय मात्र मला कधीच सोसली नाही. घरात आलेला कुठलाही कागद तो आधी पंचमध्ये घालायचा आणि मग वाचायचा. वीजबिल, औषधाची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, काहीही असो. खटॅक, दोन भोकं, आणि कागद कडीत. डेपोत तशीच शिस्त होती म्हणे. पंचही तिथलाच, म्हातारा, खालचं झाकण सैल झालेला. प्रत्येक खटक्याला कागदाच्या दोनचार टिकल्या माझ्या अंगावर सांडायच्या आणि कड्यांच्या बुडाशी जाऊन बसायच्या.

यंदा जुलैत निळीबाईचं पत्र आलं. बायको कोट पोचवायला बाहेर गेली होती. यानं पाकीट फोडलं, पत्र काढलं आणि मला मांडीवर उघडी ठेवून पंच दाबला. पत्रात लिहिलं होतं की आता हात चालत नाहीत, लेक बोलावते आहे, सपाटीवरच्या शहरात तिच्याकडे राहायला जाणार. घर अमुक महिन्याच्या शेवटी बंद करणार. रांजण सगळे रिकामे केले, तुझ्यासाठी एक तेवढा ठेवला आहे, ये.

जपानी माणसं महिन्याला नाव देत नाहीत, आकडा देतात. भोक नेमकं त्या आकड्यावर पडलं होतं.

बायकोनं घरी येऊन पत्र वाचलं आणि त्या भोकावर बोट ठेवलं. नवरा गडबडला, पण क्षणभरच. मग त्यानं चष्मा लावून खुलासा केला. डोंगरात बर्फ डिसेंबरात पडतं, म्हणजे घर बंद करायचं तर त्याच्या आधी, म्हणजे अकरावा महिना. आपल्या आराखड्यातही नोव्हेंबरच आहे, पानं लाल होतात तेव्हा. बघ कसं जुळलं.

"पत्र टाकून विचारू का?" ती म्हणाली.

"पत्र जाऊन उत्तर यायला दीड महिना. उगाच म्हातारीला कशाला त्रास? अकराच आहे."

चौतीस वर्षं वेळा ठरवलेल्या माणसापुढे ती काय बोलणार?  आणि ती टिकली माझ्या कडीच्या बुडाशी पडली होती. आकडा वर करून, मला स्पष्ट दिसेल अशी. सहा वर्षं वाचण्याखेरीज मी दुसरं केलं काय होतं? मला सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. तो रोज मला उघडायचा, लाल पानांच्या वेळा सुधारायचा, मिटायचा. त्या दोन महिन्यांत मला माझ्या जाडीची पहिल्यांदा लाज वाटली.

सप्टेंबरच्या सतरा तारखेची गोष्ट. दुसऱ्यांदा काढलेला व्हिसा नुकताच आला होता, नोव्हेंबरची तिकिटं या दोघांच्या लेकीनं काढून ठेवली होती. नवरा केस कापायला गेला होता. बायकोच्या हातात काम नव्हतं आणि भोक दिसलं की ते बुजवायचं ही तिची जन्माची सवय. ते भोक तिला दोन महिने झोप लागू देत नव्हतं. तिनं मला खाली काढलं, टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि मला उलटी धरून झटकलं.

सहा वर्षांच्या टिकल्या पडल्या. मूठभर तरी असतील. दुसरं कोणी असतं तर केरसुणी आणली असती. तिनं भिंग घेतलं. निळीबाईचा कागद हातानं केलेला, आत बारीक निळे तंतू. चिमट्यानं एकेक टिकली उलटसुलट करत तिनं तंतूवाल्या टिकल्या बाजूला काढल्या. जुन्या पत्रांच्या कोऱ्या समासातल्या निघाल्या आठदहा. शाई होती ती एकीवरच. ती तिनं भोकात बसवली आणि कागदातला तंतू टिकलीतल्या तंतूला जुळेपर्यंत हळूहळू फिरवली.

नवरा मान झटकत घरात आला तेव्हा ती तशीच बसली होती.

"अहो, नऊ आहे."

त्यानं भिंग घेतलं, बघितलं, आणि काय म्हणावं? म्हणाला, "सहाही असू शकतो. टिकली उलटी बसली असेल."

"पत्र जुलैत आलं. सरलेल्या महिन्यात घर बंद करणार, असं कोण लिहील?"

तो खुर्चीवर टेकला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाला, तेरा दिवस राहिले. तेरा दिवसांत काही होत नाही. सप्टेंबरच्या वेळा आपण तपासलेल्याच नाहीत. वादळाचं प्रकरण अर्धवट आहे.

तिनं दोरे डब्यात भरले, झाकण लावलं. "तुमचं होत नसेल," ती म्हणाली. "माझं होतं. सहा वर्षं तुम्ही वेळा लिहिल्या आणि माझी वेळ तेवढी पंच करून टाकलीत. मी जाते."

आवाज चढवला नव्हता. पण त्या घरात असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला बरं वाटलं.

लेकीनं फोनवर खटपट करून आईचं तिकीट अलीकडे आणलं. त्याचंही आणता आलं असतं. तो म्हणाला, आराखड्याशिवाय मी येत नाही. पाचव्या दिवशी ती निघाली. एक छोटी बॅग, आपल्या सुयांचा डबा आणि ते पत्र. त्यानं दारात मला पुढे केलं. तिनं मला घेतलं, वजन पाहिलं आणि चपलांच्या स्टँडवर ठेवून दिलं. मला राग आला. सहा वर्षं पोट फुगवून तयार झाले ती काय चपलांशेजारी बसायला? पण खोटं कशाला बोलू, मला डोंगरावर वाहून नेणाऱ्याची कीवच केली पाहिजे.

मग सुरू झाली त्याची गंमत. रोज सकाळी मला उघडायचा आणि भिंतीला सांगायचा, आता ती नऊ बाराच्या गाडीत बसली असेल. आता खिंड लागली असेल. चौथ्या दिवशी फोन आला. त्यानं हॅलो न म्हणता विचारलं, "दहा चाळीसची बस मिळाली?"

"ती बस दोन वर्षांपूर्वीच बंद झाली म्हणे."

त्याचं तोंड बघायला हवं होतं. हिरव्या शाईत, दोनदा अधोरेखित केलेली बस. दुसऱ्या वर्षी एकदा तपासली आणि मग तिला फक्त रंग देत बसला. ती पुढे सांगत होती की गॅसची टाकी पोचवणाऱ्या माणसानं तिला शेवटच्या वळणापर्यंत आणलं, तिथून ती तासभर चढली. चढाला काही वाटलं नाही, जिन्याचा सराव होता. 

"घर उघडं होतं हो," ती म्हणाली.  फोन ठेवल्यावर बराच वेळ तो माझ्या उघड्या पानांकडे बघत बसला होता, पण वाचत नव्हता.

ती पंधरा दिवसांनी आली तेव्हा तिची नखं निळी होती. त्यानं तिचा हात हातात घेऊन उजेडात धरला. असं तो सहसा करत नाही. "हे जाईल का?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, नख वाढेल तसं जाईल.

आता माझी हालहवाल सांगते. माझ्या पोटातले नकाशे निघाले, वेळा निघाल्या, अस्वलही गेलं. त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर आता वाणसामानाच्या याद्या होतात आणि त्या यादीतलं सामान निदान घरी येतं तरी. माझ्यात एकच पत्र उरलंय, प्लॅस्टिकच्या पाकिटात, भोक न पाडता. त्यातलं जुनं भोक तिनं पातळ कागद लावून बुजवलंय. नऊचा आकडा जरासा तिरका बसलाय. एवढ्या वर्षांत तिची ती एकच रफू आहे जी दिसते, आणि तिनं ती तशीच ठेवली.

गेल्या आठवड्यात नवं पत्र आलं, सपाटीवरच्या शहराचा शिक्का असलेलं. मी फळीवरून सगळं बघत होते. त्यानं ते टपालाच्या पेटीतून काढलं. पंच टेबलावरच होता, हात सवयीनं तिकडे गेला. मग त्यानं हात मागे घेतला, खिडकीपाशी गेला आणि पाकीट न फोडता तिच्या दोऱ्यांशेजारी ठेवलं. ती एका कोटाची बाही रफू करत होती. तिनं मान वर केली नाही, धागा अर्ध्यात होता. तो तिथेच उभा राहिला, घड्याळाकडे न बघता, तिचा धागा संपेपर्यंत.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. ज्याच्या नावाचं पत्र असेल त्याच्या हातात आधी द्या. भोकं पाडायला मी आहेच की, जन्मभर फळीवर पडलेली.