सोबतच्या माणसाची सही

घरी मार खाऊन आलेल्या बायका कशा ओळखायच्या, हे दवाखान्यातल्या सिस्टर्सना शिकवलं होतं. त्याचा उपयोग झाला की नाही, हे तपासायला तिला बाहेरून नेमलं होतं. सिस्टर्सचे परीक्षेतले गुण दुपटीने वाढले होते. जखम घेऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या कागदावर 'घरी कोणी मारतं का?' हा प्रश्न आला होता. सहा महिन्यांत दोनशे अकरा बायका आल्या. उत्तर सगळ्यांचं एकच, 'नाही'.

शिकवणारे सर खुशीत होते. मॅडमची, म्हणजे तिची, अहवालावर सही झाली की हेच सगळ्या दवाखान्यांत सुरू होणार, असं त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

तिला मात्र पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटत होतं. आई जाऊन चार महिने झाले होते. आई न्हाणीघरात घसरली, असं बाबा दरवेळी डॉक्टरांना सांगत. न्हाणीघर दरवेळी कोरडं असे, हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

तिने मूळ कागद मागवले. प्रत्येक 'नाही'खाली एक सही होती. ही कोणाची, तिने विचारलं.

"सोबतच्या माणसाची," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "केसपेपरच्या पानापानावर लागते, नाहीतर ऑफिस फाईल परत पाठवतं. बहुतेक नवराच असतो. मग आम्ही प्रश्नही त्यालाच विचारतो. बाईला आधीच दुखत असतं, तिला कशाला बोलायला लावायचं?"

सिस्टर मायाळू होत्या. त्यांच्यावर रागावताही येईना.

सर हसले. नवऱ्याला बाहेर काढलं तर तो आपल्याच नावाने खडे फोडेल, म्हणाले; आणि प्रश्न विचारायचा एवढंच ठरलं होतं, कोणाला ते नव्हतं.

"मग अजून एकाही बाईला तो विचारलेलाच नाही," ती म्हणाली, आणि सही न करता अहवाल त्यांच्याकडे सरकवला.

तेवढ्यात समोरच्या ड्रेसिंगच्या खोलीत मनगट सुजलेली एक बाई आली. मागोमाग फाईल घेऊन नवरा. तिने तिथे जाऊन, सिस्टरना सांगून त्याला एक्स-रेची वेळ घ्यायला धाडलं, दार लावलं आणि तो प्रश्न बाईलाच विचारला.

बाईने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "एक्स-रेला रांग किती आहे?"

"मोठी आहे," ती म्हणाली, आणि स्टूल जवळ ओढलं.