अनुसयेचं पान

लुगडं तिसऱ्यांदा सुटलं आणि चंद्रभानच्या पायाशी गोळा होऊन पडलं. त्यानं ते उचललं, एक टोक दातांत धरलं, दुसरं कमरेशी दाबलं आणि मधल्या नऊ वारांचं काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला. समोर आरसा होता. आरशात मिशी काढलेला, बनियन घातलेला, पंचेचाळीस वर्षांचा एक विणकर दातांत काठ धरून त्याच्याकडे पाहत होता.

तांडापेठेतल्या खडी गंमतीत चंद्रभान बावीस वर्षं बाईचं काम करत होता. डफ आणि टुनटुण्यावर उभ्यानं चालणाऱ्या त्या खेळात तो राणी झाला होता, गवळण झाला होता, एका वर्षी तर लागोपाठ दोन सवती झाला होता. बाईसारखं चालणं, रुसणं, पदर सावरणं त्याला येत होतं. लुगडं नेसणं येत नव्हतं. वर्षाकाठी शंभरेक लुगडी तो मागावर विणायचा, पण त्यातलं एकही त्याला अंगावर बसवता येत नसे. ते काम त्याच्या बायकोचं, अनुसयेचं. तो हात वर करून खांबासारखा उभा राहायचा आणि ती त्याच्याभोवती फिरायची.

फाल्गुनात अनुसया गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी नव्हता, आणि तीही नव्हती.

"काहून गा, जमलं का?" दारातून मारोतरावनं विचारलं. मारोतराव मंडळाचा शाहीर आणि कायमचा राजा. पायरीवर बसून त्यानं डफ उन्हात धरला होता. कातडं तापवायला एरवी जाळ लागतो; वैशाखातल्या नागपुरात तो खर्च वाचतो.

"नाही जमत, भाऊ. यंदा मी नाही."

"संध्याकाळी गंमत आहे. राणी नाही तं राजा कोनाशी भांडन?"

"भांडू नोको. एकटाच राज्य कर."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. चंद्रभानची आई, रुखमाबाई, स्वयंपाकघरात होती. गंमतीचा विषय निघाला की ती बोलत नसे, भांडं आपटत असे. बावीस वर्षांत तिनं पोराचा एकही खेळ पाहिला नव्हता. डफ वाजला की ती दार लावून घ्यायची. पोरगा बाई होतो याचा तिला राग नव्हता. सून त्याला बाई करते याचा होता.

आज मात्र तिला भांडी आपटायला फारसा वेळ नव्हता. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती, आणि अनुसयेची ती पहिली अखाजी होती. अखाजीला गेलेल्याच्या नावानं कोणालातरी जेवू घालतात. पुरुष गेला असेल तर पुरुषाला, सवाष्ण गेली असेल तर सवाष्णीला. जेवेपर्यंत ते माणूस म्हणजे गेलेलं माणूसच. त्यानं बोलायचं नाही, कारण मेलेली माणसं बोलत नाहीत. वाढलेलं नको म्हणायचं नाही. हात धुतल्यावर मागं न पाहता उंबरा ओलांडून निघून जायचं. पहिल्या अखाजीला पान तसंच राहिलं तर ते माणूस पुन्हा त्या घराकडे फिरकत नाही, असं रुखमाबाईच्या सासूनं तिला सांगितलं होतं. सासूवर तिचा इतर कशाबाबतीत विश्वास नव्हता, पण याबाबतीत होता.

मागच्या घरच्या सिंधूताईला आठ दिवस आधी आवतण दिलं होतं. सकाळी ती नळावर उभी राहिली आणि तिला लू लागली. कपाळावर ओलं फडकं आणि उशाशी कांदा ठेवून ती पडली होती. मग रुखमाबाईनं पदर डोक्यावर घेऊन गल्ली पालथी घातली. शामला उमरेडला माहेरी गेली होती. पार्वतीबाईचा नवरा नव्हता. उरली प्रेमिला. ती सकाळपासून एकाची वहिनी, एकाची चुलत सासू आणि पाचपावलीतली एक अनोळखी म्हातारी अशी तीन माणसं होऊन आली होती. चौथ्यासाठी तिच्यात जागा नव्हती. तरी बिचारी दारापर्यंत आली. वाढायला घेतलेली पत्रावळ पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखानं की पुरणानं, हे सांगता आलं नसतं. ती हात जोडून परत गेली.

ऊन डोक्यावर आलं. वडे निवले, रसावर साय धरली. रुखमाबाई पाण्याच्या घागरीजवळ भिंतीला टेकून बसली.

"उपाशी जाईन ती," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

चंद्रभाननं दातांतला काठ सोडला.

मारोतरावनं डफ बाजूला ठेवला. "मावशी, रागावू नोका. चंद्रभान आहे न."

"तो काय?"

"बावीस वर्षं बाई आहे तो. साऱ्या तांडापेठेनं पाहेलं आहे. तुमीच नाही पाहेलं."

"सवाष्ण पायजे. जिचा नवरा जिता आहे ते."

"आहे न जिता." मारोतरावनं छातीवर हात ठेवला. "राजा मीच आहो."

कोणी हसलं नाही. मारोतरावही हसला नाही. रुखमाबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. जिवंत आहे की नाही याची खात्री करून घ्यावी तसं.

"तुले मांगं खोकला होता न?"

"बरा झाला."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. आतल्या पेटीतून तिनं अनुसयेचं हिरवं लुगडं काढलं. तांबड्या काठाचं ते लुगडं चंद्रभाननंच विणलं होतं, आणि काठात एके ठिकाणी चूक होती म्हणून ते विकलं न जाता घरात राहिलं होतं. अनुसया ती चूक नेहमी आत दडवायची.

"हात वर," रुखमाबाई म्हणाली.

त्यानं हात वर केले. म्हातारी त्याच्याभोवती फिरली. फिरताना कमरेवर एक चापट बसली. ही चापट त्याच्या ओळखीची होती. अनुसयाही वळ म्हणून सांगत नसे, अशीच चापट मारत असे.

"तुले कसं येते, माय?"

"मले कसं येते! बाईले कमर असते, तुले कुठं आहे? पहिल्या साली रडत आली होती माह्याजवळ, लुगडं राहत नाही म्हनून. दोन निऱ्या जास्तीच्या घे म्हनलं. काष्टा ओढून खोच म्हनलं." तिनं काष्टा ओढून खोचला. "मंग दार लावून घेतलं."

काठातली चूक आत गेली. लुगडं बसलं. पदर डोक्यावर आला, रुखमाबाईनं कुंकू लावलं, आणि आरशातला विणकर नाहीसा झाला.

चंद्रभान पाटावर बसला. बसणं त्याला चांगलं जमलं. नजर खाली, पदर दोन बोटांनी पुढं ओढलेला. अनुसयेचं तर सगळंच त्यानं उचललं होतं. तिची चाल राणीला दिली होती, मनगटाच्या मागच्या बाजूनं घाम पुसणं गवळणीला, तिचा रुसवा दोन्ही सवतींना निम्मा निम्मा. रुखमाबाईनं पुरणपोळी वाढली, कढी वाढली, वडे, कुरडई, भात, रसाची वाटी. मग समोर बसून ती वाट पाहू लागली.

त्याचा हात पानाकडे गेला आणि अधांतरी थांबला.

अनुसया कशी जेवायची?

त्यानं आठवून पाहिलं. ती वाढायची, तो जेवायचा, उठून मागाच्या खड्ड्यात उतरायचा. धोट्याच्या खटखटीत मागून भांड्यांचे आवाज यायचे. बायका त्यानंतर जेवायच्या. बावीस वर्षांत त्यानं बायकोला जेवताना पाहिलं नव्हतं. पाहायची कधी गरजही पडली नव्हती, कारण गंमतीत राणी जेवत नाही.

विचारता येत नव्हतं. त्यानं पदराआडून आईकडे पाहिलं.

रुखमाबाई म्हणाली, "डावा हात गुडघ्यावर. उजव्या नाही, डाव्या."

त्यानं हात ठेवला.

"आधी पोळी नाही. मीठ चाखे ती बोटानं. हां. आन् मान खाली नोको घालू. खिडकीकडं पाहे. काय दिसे तिले त्या खिडकीत, मी किती डाव विचारलं, सांगे नाही."

खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसत होती. चंद्रभान भिंतीकडे पाहत जेवू लागला.

"हळू. उजवीकडून चाव. डावीकडची दाढ दुखे तिची."

त्याचा घास थांबला. किती वर्षांपासून, हे त्याला विचारायचं होतं. त्यानं घास उजवीकडे घेतला.

"दोन वर्षं झाले असन," रुखमाबाई आपणच म्हणाली. "लवंग दाबून ठेवे. तुह्या गंमतीच्या दिवशी जास्त दुखे. त्याले सांगू नोका म्हने, तो तोंड पाडून नाचन."

दारात मारोतराव पाठ करून बसला होता.

जेवण शेवटाला आलं तशी रुखमाबाई उठली आणि पुरण शिजवलेला गंज घेऊन आली. बुडाला लागलेली करपट खरवड तिनं उलथन्यानं काढली, लाडूएवढा गोळा केला आणि त्याच्या पानावर ठेवला.

"हे तिचं. रोज भांडन आमचं यावर. मले दोन दात, मले कुरकुरीत लागे. ती म्हने मी शिजवलं, मी खाईन. सासूचा मान नाही न काही नाही. कधी द्याची नाही."

चंद्रभानला करपट वास सहन होत नसे. गंज शेजारी आला तरी तो उठून जायचा. पण नको म्हणायचं नव्हतं. त्यानं गोळा उचलला, त्याचे दोन तुकडे केले, आणि एक तुकडा दोन बोटांनी पानाच्या कडेवरून आईच्या बाजूला सरकवला.

रुखमाबाई त्या तुकड्याकडे पाहत राहिली. अंगणातून गरम वारा आला आणि पत्रावळीची कड हलली.

"मेल्यावर सुधारली," ती म्हणाली. तिनं तुकडा उचलला आणि दोन दातांनी, सावकाश, संपवला. फाल्गुनापासून दुपारी ती काहीच खात नव्हती, हे चंद्रभानच्या तेव्हा लक्षात आलं.

त्यानं हात धुतले. रुखमाबाईनं खणाचा तुकडा त्याच्या ओटीत टाकला आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्यानं पाय मागं घेतले नाहीत. मग तो मागं न पाहता उंबरा ओलांडून बाहेर आला, आणि दार लागलं.

ज्याला घालवायचं तो त्याच घरात राहतो, याचा विचार कोणी केला नव्हता.

"आता?" मारोतरावनं विचारलं.

चंद्रभान बोलू शकत नव्हता. पायाखालची फरशी भाजत होती. तो राणीच्या चालीनं निघाला, पण चार पावलांत राणी उड्या मारू लागली. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली सावली होती तिथं तो जाऊन उभा राहिला. गल्ली झोपली होती. सावलीत बर्फगोळ्याची गाडी लावून ओमप्रकाश गाडीखाली आडवा झाला होता. होळीच्या आधीपासून तो गावी होता. कालच परत आला होता. त्यानं एक डोळा उघडला. हिरवं लुगडं, तांबडा काठ पाहिला.

"राम राम, अनुसया भाभी," तो म्हणाला.

चंद्रभाननं दोन बोटांनी पदर पुढं ओढला आणि मान किंचित कलती केली. अनुसया अशीच करायची.

ओमप्रकाशनं डोळा मिटला.

किती वेळ उभं राहायचं ते ठरलेलं नव्हतं. झाडाची सावली पायांवरून सरकली तेव्हा तो परत आला. दार बंद होतं. त्यानं कडी वाजवली.

"कोन?"

"मी."

"मी कोन?"

त्यानं डोक्यावरचा पदर खाली घेतला. पायरीवरचा मारोतराव डफाकडे पाहत राहिला.

"चंद्रभान."

कडी निघाली.

"गेली का ती?"

"गेली."

"काही बोल्ली?"

"नाही." तो थांबला. "ओमप्रकाशनं राम राम केला. तिनं घेतला."

रुखमाबाईनं मान हलवली. ते रीतीला धरून होतं.

"बस मंग. तुह्यं जेवन राहिलं."

दुसरं पान मांडलेलं होतं. पोळी, कढी, वडे, रस. चंद्रभानच्या पोटात घोटभर पाण्याचीही जागा नव्हती. त्यानं खोचलेला काष्टा सोडायला हात मागं नेला.

"लुगडं सोडू नोको," रुखमाबाई म्हणाली. "संध्याकाळी पुन्हा कोन नेसवून दीन?"

बाहेर मारोतरावनं डफावर एक बोट हळूच वाजवून पाहिलं. कातडं चांगलं तापलं होतं.

चंद्रभान जेवायला बसला. आई वाढत राहिली, तो खात राहिला, सावकाश, उजव्या बाजूनं. डावा हात डाव्या गुडघ्यावर होता. रुखमाबाईला तो दिसला. तिनं त्याच्या पानावर आणखी एक वडा ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.