नुसता कर्ता

आईच्या अंत्यविधीसाठी गुरुजींनी हेमकांतला कर्ता ठरवलं आणि मी केलेली कामं एकेक करून न केलेली व्हायला लागली.

आधी आईची वेणी सुटली. ती मी सकाळी घातली होती. मग मी नेसवलेल्या पातळाच्या निऱ्या उलगडून जमिनीवर आल्या. मी पुन्हा खोचल्या. हात काढताच पुन्हा उलगडल्या.

हेमकांत माझा चुलतभाऊ. आईच्या आजारपणात तो एकदाही फिरकला नाही. आज साताऱ्याहून आला आणि आल्या आल्या पाटावर बसला. पाटावर बसायला त्याला काहीच करावं लागलं नव्हतं.

"कर्ता हा शब्द 'कृ' धातूपासून आलाय," मी गुरुजींना म्हणाले. "कृ म्हणजे करणं. जो करतो तो कर्ता. इथे सगळं मी केलंय."

"ते व्याकरणात, ताई," गुरुजी दर्भ सोडवत म्हणाले. "इथे कर्ता म्हणजे घरातला पुरुष."

"अगं, चिडतेस कशाला," हेमकांत म्हणाला. "सगळं तूच केलंस की. मी आपला नुसता कर्ता."

तेवढ्यात भिंत परत आली. आईची खाट आणि चाकाची खुर्ची मावावी म्हणून दोन खोल्यांमधली ती भिंत मी पाडली होती. आता ती जुन्या रंगासकट उभी राहिली. शेजारचे लोक पोटं आत घेऊन तिला टेकून रांगेत उभे राहिले. गुरुजींनी पाय जवळ ओढले आणि मंत्र पुढे चालू ठेवला.

आई शाळेत मराठी शिकवायची. धातूला 'णारा' लावा, 'कोण' विचारा, उत्तर येईल तो कर्ता, असं पुस्तकात होतं. ती फळ्यावर शेजारी 'णारी' लिहायची. मुख्याध्यापकांनी पुसलं की पुढच्या तासाला पुन्हा लिहायची. मी तिच्याच वर्गात होते. घरची म्हणून ती मला कधी उत्तर विचारत नसे, मी हात वर केला तरी.

पातळावर ओला डाग उमटला. आईच्या पाठीची जखम मी भरत आणली होती.

"थांबा," मी म्हणाले. "तिला दुखत असेल."

"आता काय दुखायचंय, ताई," गुरुजी म्हणाले. "कर्त्याने पुढे यावं."

हेमकांत पुढे आला. तो वाकला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आईचे डोळेही मीच मिटले होते.

ते उघडले.

आईने हेमकांतकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या रांगेकडे.

"मिटणारा किंवा मिटणारी," ती वर्गातल्या आवाजात म्हणाली. "कोण?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. रांगेच्या एका टोकाशी मी हात वर केला.

आईने नेहमीप्रमाणे रांगेच्या दुसऱ्या टोकापासून विचारायला सुरुवात केली.