दोन जाळ्यांचं साल

मे महिन्यात आफ्रीन वडशाला घरी आली तेव्हा तिच्याजवळ दोनशे वर्षांचा बर्फ होता, आणि त्यातलं एक वर्ष जास्तीचं होतं.

खरा बर्फ गोव्याच्या प्रयोगशाळेत होता. उणे वीस अंशाच्या खोलीत, माणसाच्या दंडाएवढ्या जाड कांड्यांमध्ये, एकावर एक रचलेला. आफ्रीनच्या लॅपटॉपमध्ये होत्या नुसत्या त्याच्या रेघा. दक्षिण ध्रुवाकडे पडलेलं हिम वितळत नाही. यंदाच्या हिमाखाली मागच्या वर्षीचं दबतं, त्याखाली त्याच्याही आधीचं, आणि दबता दबता त्याचा बर्फ होतो. हिवाळ्यातली वादळं समुद्राचं मीठ उडवून त्यावर टाकतात. म्हणून कांडीत मिठाची एक उंच रेघ दिसली की एक हिवाळा झाला, एक साल झालं. दोन रेघांमधला थर जाड असेल तर त्या साली हिम भरपूर पडलं, पातळ असेल तर कमी.

मोजत मोजत खाली गेलं की एक आंबट थर लागायचा. १८१५ साली इंडोनेशियात तांबोराचा ज्वालामुखी फुटला, त्याचं गंधक वर्षभरात ध्रुवापर्यंत पोचून तिथल्या हिमात उतरलं होतं. तारीख पक्की ठाऊक असलेली ती खूण. कांडी काढल्याच्या सालापासून तिथपर्यंत दोनशे एक सालं भरायला हवी होती. आफ्रीनची दोनशे दोन भरत होती. चार महिन्यांत तिनं सात वेळा मोजलं होतं. एक साल चुकलं की त्याच्या खालची सगळी सालं एकेका घरानं सरकतात, आणि कोणत्या वर्षी किती हिम पडलं ते सगळंच खोटं ठरतं.

तिचे अब्बा बाबूभाई यांची वडशात बर्फाची फॅक्टरी होती. बाहेर शेचाळीस अंशांचं ऊन, म्हणून ती लाद्यांच्या कोठीला लागून असलेल्या खोलीत बसायची. फरशी ओली, भिंत गार, हवेत अमोनियाचा बारीक वास. मशीनची घरघर कानात भरली की डोळे आपोआप मिटायचे, आणि मग वडशावर हिम पडू लागायचं. आवाज न करता, तांदळाच्या गोदामांवर, रेल्वेच्या रुळांवर, वैनगंगेच्या कोरड्या वाळूवर. सगळं गाव पांढरं होऊन जायचं. कुणी कुणाला हाक मारत नसे. ती त्या पांढऱ्यातून चालत राहायची, मागं वळून बघायची, तर पावलांचा ठसा नाही.

अशाच एका सकाळी तिला जाग आली ती कुंता मावशीच्या खोकल्यानं. कुंता आठ किलोमीटरवरच्या गावातली. तलावातली मासोळी वडशाच्या बाजारात विकायची आणि त्यासाठी रोज थर्माकोलचा डबा घेऊन बर्फाला यायची. वय साठीच्या आसपास. त्या दिवशी लाईन गेली होती आणि लाईनशिवाय लाद्या वर ओढणारा हुक हलत नव्हता. म्हणून ती गार भिंतीला पाठ लावून बसली होती.

"काय पाहून राह्यली वं, आफ्रीन?"

"बर्फ, मावशी. दोनशे सालांचा."

"काहीबी! माहा बरफ बाजार उठेपर्यंत टिकत नाई."

आफ्रीन हसली. तिनं पडद्यावरच्या रेघा दाखवल्या, मीठ सांगितलं, हिवाळे सांगितले. कुंता पुढं सरकून ऐकत राहिली.

"मंग अडलं कुठी?"

"एक साल जास्त येते. कोणतं, ते समजून नाई राह्यलं."

कुंतानं पडद्यावरच्या रेघांवरून एक बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "माहंबी एक साल जास्त आहे."

आणि तिनं जे सांगितलं ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा बाप झिंगू पोळ्याच्या आधल्या दिवशी वैनगंगेच्या पुरात डोंगा, म्हणजे लाकडी होडी, उलटून बुडाला. आई सोमारी लगेच माहेरी निघून गेली, नदीपलीकडे. कुंता तिकडेच जन्मली आणि दोन-अडीच वर्षांची झाल्यावर आईच्या कडेवरून परत आली. तेव्हा त्यांच्या गावात पोरांची वयं जाळ्यांवर मोजायचे. चैतात पाणी उतरलं की तलावात गावाचं मोठं जाळं पडे. अमकी चार जाळ्यांची, तमका सात जाळ्यांचा. गावात जाळं पडल्याची खबर सोमारीला माहेरी कळायची. ती भोळेपणानं सांगायची, कुंताचा बाप गेल्यावर दोन जाळी पडली आणि मग ही झाली. त्यानंतर लग्न होऊन गावात आलेल्या बायांनी हिशेब लावला. दोन जाळी म्हणजे पावणेदोन वर्षं. मेलेल्या माणसाला पावणेदोन वर्षांनी लेक कशी होते?

"माय मी लहान असतानीच गेली. तिले कोणी तोंडावर विचारलं नाई. माहं लगन गावातच झालं, तं मले माह्या जावेनं भांडणात सांगतलं. भर आंगणात. तवापासून मी बाबाचं नाव घेत नाई."

"पण मावशी, दोन जाळी म्हणजे दोन सालंच कशावरून?"

"काऊन म्हंजे? जाळं सालातून एकदाच पडते."

आफ्रीनचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. मिठाची रेघ सालातून एकदाच. हे वाक्य तिनं आपल्या प्रबंधात लिहिलं होतं आणि सातही वेळा त्याच्याच भरवशावर मोजलं होतं.

लाईन आली, कुंता बर्फ घेऊन गेली. आफ्रीन मात्र दुपारचं जेवायलाही उठली नाही. उन्हाळ्यात ध्रुवाकडचा समुद्र मोकळा होतो, त्यात सूक्ष्म शेवाळ वाढतं आणि त्याचा अंश हिमात उतरतो. हिवाळ्यात तो जवळजवळ नसतोच. तिनं मीठ बाजूला ठेवलं आणि नुसते उन्हाळे मोजायला घेतले. मिठाच्या एकशे तेहतीस आणि एकशे चौतीस या दोन रेघांमध्ये कांडीला तडा होता. तिथला उन्हाळा पुसट का, याला तिनं त्या तड्याचं कारण दिलं होतं. आता नीट पाहिलं, तर पुसट नव्हता. तिथं उन्हाळा नव्हताच. एकाच हिवाळ्यात दोन मोठी वादळं येऊन गेली होती, दोनदा मीठ टाकून. साल एकच.

दोनशे एक.

तिनं गोव्याला आपल्या मार्गदर्शक मॅडमना कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं, 'पटतंय. शेजारच्या कांडीत ताडून पाहू.' आनंद झालाच. पण रात्री जेवताना तिच्या मनात कुंताच घोळत होती. तिनं अब्बांना सगळं सांगितलं.

बाबूभाई घास हातात धरून थांबले. "बेटा, बर्फात चूक निघाली तर खोडून नवीन लिहिता येते. हिच्या बाबतीत वेगळंच काही निघालं तर? तिनं कुठी जायचं?"

दुसऱ्या दिवशी आफ्रीननं कुंताला फक्त एवढंच विचारलं, की तेव्हाचं कुणी गावात आहे का.

"गोविंदा काका आहे. बाबाच्या संगं डोंग्यावर असे." कुंतानं डब्याचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं. "चाल. जे निघंन ते निघंन. मी मरायच्या आधी निघू दे."

बाजार उरकल्यावर दोघी अब्बांच्या स्कूटीवरून गेल्या. गोविंदा तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. ऐंशीच्या पुढचा, नजर मंदावलेली, बोटं मात्र आपली आपण चाललेली. उन्हात तलाव इतका निश्चल होता की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठून लागतं ते कळत नव्हतं. कुंता जवळ जाऊन बसली आणि जाळ्याचा सुटा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. आफ्रीननंच विचारलं.

"बाबा, झिंगूभाऊ गेले त्याच्यानंतर तलावात जाळं कधी पडलं?"

"कोणतं विचारतेस? पाळ फुटली तवाचं, का चैतातलं?"

कुंतानं आफ्रीनचं मनगट घट्ट धरलं.

"पाळ कधी फुटली होती?"

"त्याच साली. कार्तिकात. असा अवकाळी पाऊस पडला, का इथूनच खचली, मी बसून राह्यलो ना, इथूनच. मासोळ्या धानाच्या बांधीत उडून राह्यल्या होत्या. सारं गाव जाळं घेऊन धावलं. मंग आमी पंधरा दिवस माती टाकली, वरच्या तलावाचं पाणी सोडलं, त्याच्यासंगं मासोळी आली. चैतात पुन्हा जाळं टाकलं. एका सालात दोनदा. तसं मंग कधीच झालं नाई."

कुंता बोटांवर मोजू लागली. पोळा. कार्तिक. चैत. "माय म्हणे, तू वैशाखात झाली. झाडाचे आंबे पडून राह्यले होते." तिनं पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं. बाप गेल्यापासून नऊ महिनेही पुरे होत नव्हते.

"काका," तिचा आवाज फाटला, "तुमी हे कधी सांगतलं काऊन नाई?"

"मले कोणं विचारलं, पोरी? बाया आपसात का बोलतेत, ते आमाले का मालूम?"

कुंता रडली नाही. उठली, पाळ उतरून पाण्यापाशी गेली, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि तशीच ओल्या चेहऱ्यानं परत आली. "कोणाले सांगू आता? बोलणाऱ्या तं साऱ्या मरून गेल्या."

वारा नव्हता. पलीकडे एक बगळा पाण्यात आपल्याच सावलीवर उभा होता.

मग कुंतानं विचारलं, "काका, कसा होता माहा बाबा?"

आफ्रीनला उमगलं, हे विचारण्याचा हक्कच आपल्याला नाही असं समजून ही बाई इतकी वर्षं गप्प राहिली होती.

गोविंदानं जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं. "उंच नोयता. काळा, तुह्यासारखाच. हासला का खांदे हालत. आणि झोप! झोप अशी, का विचारू नको. एक डाव डोंग्यातच झोपला. मी म्हटलं, झोपू दे. डोंगा गेला वाहत. गडी उठला तं पलीकडच्या काठाले लागलेला, अनओळखी गाव, आणि समोर एक पोट्टी भांडे घासून राह्यली. म्हणते, कोण रे तू, कुठून आला? आता याले काय मालूम कुठून आला! हा तिलेच विचारते, हे कोणतं गाव व्हय?"

"ते माय?" कुंता म्हणाली.

"नाई तं कोण?"

कुंताचे खांदे हलायला लागले. आफ्रीनला आधी वाटलं ती रडतेय. ती हसत होती. हसता हसताच ती सरकून म्हाताऱ्याच्या अगदी जवळ बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग?"