मधला पट्टा

पंकजाचे वडील गहिनीनाथ विहिरी खोदायचे. देवळाली प्रवरेच्या आसपासच्या कितीतरी विहिरींत ते उतरले होते. दगडमातीचे थर पंकजानं पहिल्यांदा त्यांच्याच सोबत पाहिले. भूशास्त्राकडे ती वळली ती त्यामुळेच, पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

पीएचडीसाठी तिनं हिमालयातलं एक खोरं घेतलं. उत्तरेला उंच रांग, दक्षिणेला बुटकी, मध्ये खोलगट. डोंगर उचलले जातात तशी मधली जमीन दबते आणि डोंगरांचीच झीज गाळ होऊन तिच्यात भरत जाते. पंकजाचं म्हणणं होतं, सगळा गाळ उत्तरेकडून आला. दक्षिणेची रांग खोरं भरून झाल्यावर उठली.

शेवटच्या वर्षी तिनं वडिलांना, आबांना, थोडे दिवस तिकडे नेलं. एका सकाळी तिच्या मार्गदर्शक बाई नदीनं कापलेला कडा पाहायला आल्या. कड्यात गोट्यांचे थर होते. आबा जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले.

"पंकजा, ह्यो मधला पट्टा उलटा हाय बघ. पानी जिकडून येतं तिकडं चपट्या गोट्याचा उतार असतो. खालचे-वरचे समदे उत्तरंला उतरते, मधले तेवढे दक्षिणंला."

बाईंना मराठी येत नव्हतं. "काय म्हणतायत?" त्यांनी हिंदीत विचारलं.

प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता. "गावाकडचे आहेत. विहिरींचं काहीतरी सांगतायत," पंकजा म्हणाली. मग हलक्या आवाजात आबांना, "जरा गप्प बसा ना. ही काय विहीर आहे?"

आबा कड्यापासून मागे सरले.

पंकजाला पदवी मिळाली, पुण्यात नोकरी लागली. अकरा वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की मधला थर दक्षिणेकडून आला होता. खोरं भरत होतं तेव्हाच दक्षिणेची रांग उठत होती. पंकजा स्वतः जाऊन गोटे मोजून आली. ऐंशीतले सदुसष्ट दक्षिणेला उतरते. तिनं आपली चूक छापून कबूल केली आणि गावी आली.

आबा ओट्यावर बसले होते. तिनं सगळं सांगितलं.

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले.

आई, मुक्ताबाई, दारातूनच बोलली. "तिकडून आल्यापून कुनाच्या विहिरीवर गेले न्हाईत हे. लोक बोलवायला यायचे. म्हनायचे, शिकलेल्यांना इचारा."

पंकजाला हे ठाऊकच नव्हतं. ती सणावाराला यायची, तब्येत विचारायची, निघून जायची.

"आबा, एकदा परत जाऊ तिकडं."

"गुडघं कुठं चढू देत्यात आता?" ते म्हणाले. "त्या बाईंना सांगितलंस का, मी म्हनलं हुतं ते?"

सांगितलं नव्हतं. छापलेल्या कबुलीतही आबांचं नाव नव्हतं. तिनं तिथंच बसून बाईंना फोन लावला. निवृत्त झालेल्या बाईंना कडा लख्ख आठवत होता. सोबत कुणी म्हातारे गृहस्थ होते, हे मात्र काही केल्या आठवेना.

"काय म्हनल्या?"

खोटं बोलावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. "त्यांना तुम्ही आठवत नाही, आबा."

"कसं आठवंल?" आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी तुझा बाप हाय, हे तू त्यांना सांगितलंच न्हाईस."