तीन सेंटिमीटरचा कठडा

गॅलरीचा लोखंडी कठडा गंजून हलायला लागला, त्या दिवशी मी दाराला वर-खाली दोन्ही कड्या घातल्या. दोन महिने झाले. माझा दीड वर्षांचा लेक, भुंगा, त्या दारावर थापा मारून मारून दमायचा, आणि मी कड्या पुन्हा पुन्हा तपासून.

नवा कठडा करायला घेतला माझ्या थोरल्या नणंदेनं. कारखान्यात ती असलंच पातळ काँक्रीट ओतते. "आत सळ्या नाहीत, काचेच्या धाग्यांची विणलेली जाळी असते," ती म्हणाली. "ती गंजत नाही, म्हणून जाडीही लागत नाही. तीन सेंटिमीटर पुरे."

तीन! कॉलेजातला माझा शब्दकोश याच्या दुप्पट जाड होता.

सासरे चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले. "कापडाचं काँक्रीट! ओतून झालं की इस्त्रीपण फिरव."

"आधी हात लावा बाबा, मग टोमणे मारा," नणंद म्हणाली.

अंगणात साचा आडवा मांडला. शेजारी जाळी कापून पसरून ठेवली. सासरे बादली आणायला निघाले आणि सरळ जाळीवरूनच गेले. जन्मभर सळ्यांवर चाललेला माणूस. वळसा घालायचं पायांना सुचलंच नाही. बुटाखाली खडी करकरली. भुंग्याला मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले होते. पाहिलं ते मी एकटीनंच.

नणंदेनं पहिला थर ओतला, थापीनं सारखा केला, जाळी उचलली. आता जाळी आत गेली, वर दुसरा थर पडला, की कुणालाच काही दिसणार नव्हतं. कधीच. सासऱ्यांची चूक काढायची, तीही त्यांच्याच कामात! पण या कठड्याला रेलणार होता माझा भुंगा.

"ताई, थांबा. बाबांचा पाय पडलाय जाळीवर."

"पडला तर पडला!" सासरे उसळले. "सळीवर आम्ही नाचायचो."

"ही सळी नाही हो, बाबा." नणंदेनं जाळी उजेडाकडे धरली. एका जागी पाच-सहा धागे तुटून पिंजले होते.

सासऱ्यांनी चष्मा लावला. बोट फिरवलं. मग म्हणाले, "दुसरी काप. लवकर, थर सुकेल." आणि बूट काढून त्यांनी माझ्याशेजारी पायरीवर ठेवले. "सूनबाई, यांच्यावर नजर ठेव. तुझी चांगली आहे."

अठ्ठावीस दिवस त्यांनी स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. बसवण्याआधी कठड्याची ती काँक्रीटची फळी दोन ठोकळ्यांवर आडवी टाकून वर वाळूची पोती रचली. फळी केसभर वाकली. पोती काढली तशी पुन्हा सरळ.

कठडा बसला. सासरे त्याला पाठ लावून ऐसपैस रेलले. "इस्त्री बरी झालीय," लेकीला म्हणाले.

मी दोन्ही कड्या काढल्या. भुंगा धावत गेला आणि त्यानं गार कठड्याला गाल लावला. थोडा वेळ मी त्याचा सदरा धरून ठेवला, मग सोडला.

गॅलरीतली खुर्ची मात्र आत ओढून घेतली. तिच्यावर चढायची अक्कल त्याला कालच आली आहे.