मागे कोणी नाही

या घरात माझा शब्द खाली पडत नाही. मुलगे साठीला टेकले, नातवंडे कमावती झाली, तरी जेवायला कोणी कुठे बसायचे हे अजून मीच ठरवते. उभ्या आयुष्यात एकच माणूस माझ्या हुकमाला बधला नाही, आणि तोही आवाज चढवून नव्हे, तर मान खाली घालून, हसून. ते म्हणजे माझे धाकटे दीर.

मुले त्यांना ‘मागचे काका’ म्हणतात. घरातला कोणताही फोटो काढा. भावोजी शेवटच्या ओळीत, अर्धे कोणाच्या तरी खांद्याआड. तरुणपणी ते युद्धात विमानावर होते. तिथे काय करत होता, असे विचारले की उत्तर ठरलेले, “मागे बसायचो.” आणि दुसरा प्रश्न येण्याआधी चहाचा कप तोंडाला. त्यामुळे त्यांना विमानात सामान सांभाळायला नेले होते, असाच आमच्या घरात कित्येक वर्षे समज होता. सासूबाई तर शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगत, “एक पेटी म्हणून हरवली नाही हो त्याच्या हातून!” भावोजींनी आईचे म्हणणे कधी खोडून काढले नाही.

युद्धावरून परतल्यावर ते मालगाडीचे गार्ड झाले. म्हणजे पुन्हा शेवटचाच डबा. घरची सगळी मंडळी कुठे निघाली की कुलूप लावून सर्वांत शेवटी येणार ते. फाटकाशी थांबून मी विचारायचे, “भावोजी, मागे काय?” ते सांगायचे, “मागे कोणी नाही, वहिनी. चला.” हे झाल्याखेरीज आमचे पाऊल पुढे पडत नसे. ही आमच्या घरची गंमत आहे, असे मी समजत होते.

तिचा खरा अर्थ मला त्यांच्या कप्तानाने सांगितला. विमान चालवणारा हा गृहस्थ एकदाच आमच्याकडे आला. गलेलठ्ठ, बोलका, खुर्चीला न मावणारा.

“वहिनी, हा तुम्हाला काय सांगतो मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मागे बसायचा हे खरंच आहे. शेपटीतल्या काचेच्या खोपट्यात, एकटा, आमच्याकडे पाठ करून, बंदुकीवर हात ठेवून. आम्ही कुठे चाललोय ते याला कधी दिसलंच नाही. मी पुढून विचारायचो, मागे काय? हा म्हणेल तसं विमान वळवायचो. एकदा पाठलाग होत असताना थंडीनं याची बंदूक अडली. यानं हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी ती सोडवली. पण मागच्या विमानावरची नजर म्हणून काढली नाही. याच्या डोळ्यांमुळे आम्ही चौघं म्हातारे झालो, वहिनी!”

भावोजींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे नाहीत. ‘थंडीने गेली’ एवढेच आम्हाला माहीत होते. मी त्या हाताकडे पाहिले, तसा त्यांनी तो मांडीखाली घेतला.

“याला पहिल्यापासून वाढवून सांगायची खोड,” ते म्हणाले. “वहिनी, चहा निवतोय.”

कप्तान जाऊन आता बरीच वर्षे झाली. बाकीचे तिघेही गेले. उरले भावोजी, आणि गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्टच सांगितले, “नजरेच्या मधोमध डाग धरलाय, आणि तो वाढणार. कडेकडेचं दिसत राहील, पण समोरच्याचा चेहरा ओळखू येणार नाही. हातात थोडेच महिने आहेत.”

“म्हणजे वहिनींचा रागावलेला चेहरा दिसणार नाही,” भावोजी म्हणाले. “औषधापेक्षा आजारच गुणकारी म्हणायचा.”

डॉक्टरीणबाई हसल्या. मी हसले नाही. ज्या डोळ्यांनी इतरांना घरी सुखरूप आणले, त्यांनी आपल्या गावाचे कृतज्ञ चेहरे एकदाही पाहू नयेत, हे मला मान्य नव्हते. उजेड आहे तोवर ते झालेच पाहिजे, असे मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवले.

माझी नात ग्रंथालयात काम करते. तिथले सभागृह मी मागून घेतले, म्हणजे मागितले आणि घेतले. मग भावोजींच्या खोलीत गेले.

“रविवारी तुमचा सत्कार आहे.”

“रविवारी मला सर्दी होणार आहे, वहिनी.”

“थट्टा पुरे.”

“थट्टा नाही.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “विमान काय एकटा माणूस घरी आणतो? आम्ही पाच जण होतो. पाचांचं ताट एकट्यानं ओढून घ्यायचं? मला जमणार नाही.”

“लोकांना आभार मानायचेत, त्यांनी काय करावं?”

“आपापसांत मानावेत.”

तासभर घासाघीस झाली. शेवटी ते यायला तयार झाले, पण एका अटीवर: बसणार मागे, आणि व्यासपीठावर त्यांना कोणी बोलवायचे नाही. “नाहीतर मागच्या दारानं निघून जाईन. शब्द द्या.”

मी शब्द दिला. दाराबाहेर उभ्या असलेल्या नातीने कपाळाला हात लावला. “आजी, सत्कारमूर्तीला वर बोलवायचं नाही, मग सत्कार कुणाचा करायचा? खुर्चीचा?”

“रविवार यायचा आहे अजून,” मी म्हणाले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही काही सुचलेले नव्हते.

रविवारी सभागृह खचाखच भरले. पोस्टमन, बेकरीवाला, आमच्या सगळ्या सुना, रेल्वेतले निवृत्त सोबती, डॉक्टरीणबाई. मी व्यासपीठावर बसले. भावोजींनी शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराला चिकटून, आपली एक वेगळी खुर्ची मांडून घेतली होती. टोपी गुडघ्यावर ठेवली होती. म्हणजे पळायची तयारी.

ग्रंथालयाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. गृहस्थ सज्जन, पण माइक हातात आला की त्यांना पंख फुटतात. “आपले शूर वैमानिक! ज्यांनी एकट्यानं शत्रूचं आकाश हादरवून सोडलं...”

‘वैमानिक’ ऐकताच भावोजींचा हात टोपीकडे गेला. ‘एकट्यानं’ ऐकताच टोपी डोक्यावर चढली.

आणि वरून ते सभागृह पाहताना मला प्रथमच उमगले की मी काय घोळ घातला होता. भावोजींना चेहरे दिसावेत म्हणून एवढी माणसे जमवली, आणि त्या माणसाला दिसत होते काय? टकले, अंबाडे आणि कॉलर. आमच्याकडे पाठ करून त्यांनी आमची राखण केली, आणि आता आम्ही सारे त्यांच्याकडे पाठ करून त्यांचे आभार मानत होतो!

मी उठले. अध्यक्षांच्या हातून माइक घेतला. “बसा तुम्ही,” मी म्हणाले. ते बसले.

“सर्वांनी उभे राहा. आपापली खुर्ची उचला, मागच्या दाराकडे तोंड करून ठेवा, आणि बसा.”

कोणी हलेना.

“मराठीतच बोलते आहे मी!”

मग जो खडखडाट उठला, तो विचारू नका. घडीच्या लोखंडी खुर्च्या एकमेकींवर आदळल्या, कोणाच्या पायावर पाय पडला, बेकरीवाला “अहो, माझी टोपी!” म्हणून ओरडला. गडबड शमली तेव्हा माझ्यापुढे नुसत्या पाठी होत्या, आणि सर्व तोंडे भावोजींकडे. शेवटची रांग पहिली झाली होती. अध्यक्ष रिकाम्या हवेकडे पाहत बसले होते.

भावोजी उठले. त्यांनी दाराची कडी धरली.

मी माइक खाली ठेवला. फाटकाशी उभी राहून विचारायचे तसेच विचारले, “भावोजी, मागे काय?”

त्यांचा हात कडीवरच थांबला. पुढून हा प्रश्न आला आणि त्यांनी उत्तर दिले नाही, असे कधी घडले नव्हते. विमानात नाही, मालगाडीत नाही, आमच्या घरात तर नाहीच. ते वळले. डाग चुकवण्यासाठी मान जराशी तिरकी करून ते एकेक चेहरा पाहू लागले, डावीकडून उजवीकडे, सावकाश, एकही न गाळता.

“पोस्टमन आहे,” ते म्हणाले. “चष्मा विसरलाय. डॉक्टरीणबाई आहेत. धाकटी सून रडते आहे, तिला कोणीतरी रुमाल द्या.” मग टोपी डोक्यावरून उतरली. “मागे... मागे सगळे आहेत, वहिनी.”

आधी रेल्वेतले म्हातारे उठले, मग सगळेच. भाषण कोणी केले नाही. लोक रांगेने त्यांच्यापुढून गेले, आणि तो पेरे नसलेला हात प्रत्येकाने हातात घेतला. या वेळी तो मांडीखाली लपवायला जागा नव्हती. प्रत्येकाला ते एकच सांगत होते, “आम्ही पाच जण होतो बरं का,” आणि प्रत्येक जण “हो, पाच,” म्हणून पुढे जात होता.

घरी परतताना ते माझ्यावर रुसले होते. फाटकाशी आल्यावर म्हणाले, “वहिनी, तुम्ही शब्द फिरवलात.”

“मुळीच नाही,” मी म्हणाले. “खुर्च्या फिरवल्या.”